बाकड्यावरचे सल्ले

मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "कंपनीची बस उद्यापासून आपल्या नाक्यावर थांबायची नाही, हे कळवलंस ना त्यांना?" तो एसटीत चालक आहे. बस विनाकारण थांबली की त्याला त्रास होतो, मग ती कोणाचीही असो.

नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषधाच्या कारखान्यात होती. मी तिथे प्रयोगशाळेत होते. आलेला माल तपासायचा, जाणारा माल तपासायचा, आणि दोन्ही ठीक असल्याची सही करायची. काम वाईट नव्हतं. पण महाडमध्ये एका सभागृहात उद्योजकता शिबिर झालं, त्याला मी सुट्टी काढून गेले आणि बिघडले. शिबिरातले गृहस्थ पुण्याहून आले होते. बाजारात जे मिळत नाही ते शोधा, असं त्यांनी सांगितलं. मी शोधलं. महाड-पोलादपूरच्या बाजारात नाचणीची बिस्किटं मिळत नव्हती. ती का मिळत नव्हती, हे शोधायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

पोलादपुरात रस्त्याकडेला गाळा घेतला. महाडच्या पुरात बुडालेली एका बेकरीची गॅसवरची भट्टी स्वस्तात मिळाली, ती दुरुस्त करून आणली. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबतील, गोव्याला जाणाऱ्या थांबतील, असा माझा अंदाज होता. मग हायवे रुंद झाला आणि गाड्यांना गावात थांबायचं कारण उरलं नाही. त्या आता इतक्या वेगाने जातात की माझी पाटी वाचायची तर दोन फेऱ्या माराव्या लागतील.

पहिल्या घाण्यातली बिस्किटं घरी आणली. सासूबाईंनी एक चहात बुडवलं आणि वाट बघितली. त्या पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या, नाचणीवरच वाढलेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गो, चहा संपला. बिस्कीट हाय तसंच हाय."

मी प्रयोगशाळेच्या सवयीने कामाला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तूप, मग गूळ, मग आच. महिनाभरात बिस्किटं दातांनी तुटतील अशी झाली, आणि आणखी महिन्याने चांगली झाली. खरोखर चांगली. मी चांगल्या कागदाचे छापील खोके करून घेतले, त्यावर डोंगराचं चित्र घातलं. नवऱ्याने डेपोत वाटली. सगळ्यांनी छान म्हटलं. दुसऱ्यांदा कोणी मागितली नाहीत. नातेवाइकांनी एकेक खोका घेतला आणि नंतर ते माझ्या गाळ्यासमोरून जाताना फोनवर बोलत जाऊ लागले.

महाडच्या बाजारातल्या एका किराणा दुकानदाराने खोके ठेवून घेतले, तेही फिनेलच्या बाटल्यांशेजारी. पुढच्या खेपेला गेले तर सगळे तिथेच.

"विकत नाहीत का?" मी विचारलं.

"मॅडम, बिस्कीट एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण नाचणी प्रत्येकाच्या घरात पडलेली आहे. ती पैसे देऊन कोण नेणार?"

मला राग आला. त्याला धंद्याची दूरदृष्टी नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "त्याचं दुकान त्याच्या आजोबांपासून चालू आहे." एवढंच बोलून तो ड्युटीला गेला.

एका सकाळी वरच्या खोऱ्यातल्या एका वाडीवरून एक बाई आली. डोक्यावर पत्र्याचा डबा. डबा खाली ठेवून उघडला तर आत नाचणीचं पीठ, बरणीत तूप आणि फडक्यात बांधलेला गूळ.

"याची करून दे गो बिस्किटं," ती म्हणाली. "मुंबईला लेकाकडं चाललेय. घरची नाचणी हाय."

मी तिला समजावलं की मी बिस्किटं तयार करते आणि विकते. लोकांच्या पिठाची करून द्यायला ही पिठाची गिरणी नाही.

"मग भट्टी कशाला पेटवलीयस?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला नीट कळला नाही असं मी दाखवलं. ती पायरीवर बसली. तिची महाडची गाडी दुपारची होती, त्यामुळे तिला घाई नव्हती. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी पायरीवर बसलेल्या तिच्याकडे बघत होते आणि ती भट्टीकडे. शेवटी मी पीठ मळायला घेतलं. करण्याचे पैसे तेवढे घेतले. दुपारी तिने एक बिस्कीट तोंडात टाकलं, मान हलवली, डबा डोक्यावर घेतला आणि स्टँडकडे गेली.

ती गेली माझ्या नवऱ्याच्या गाडीने. पोलादपूर ते महाड या अंतरात तिने गाडीतल्या सगळ्यांना डब्याचं झाकण उघडून दाखवलं. पुढच्या आठवड्यात डबे येऊ लागले. मे महिन्यात चाकरमानी आले तेव्हा तर गाळ्याबाहेर डब्यांची रांग लागली, आणि माणसांच्या रांगेत होतात तेवढी भांडणं डब्यांच्या रांगेत होत नाहीत, हे मला नवीन होतं. माझे डोंगराचं चित्र असलेले खोके माळ्यावर गेले. सासूबाई त्यात कडवे वाल ठेवतात. त्यांचं म्हणणं, खोका चांगला हाय, कीड लागत नाय.

धंदा असा सुरू झाला. तो मी शोधला नव्हता, डोक्यावरून चालत आला होता. हे मी आता सहज सांगते. तेव्हा मला वर्षभर वाईट वाटत होतं. मला स्वतःच्या नावाचा माल हवा होता, आणि मी लोकांच्या पिठाची मजुरी करत होते. संध्याकाळी भट्टी पुसताना हे जास्त जाणवायचं. मग दुसऱ्या दिवशी डबे यायचे आणि वाईट वाटायला सवड मिळायची नाही.

एकदा दोन बायका डबे ठेवून बाजारात गेल्या. माझ्याकडून अदलाबदल झाली. त्यातल्या एकीने परत येऊन डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "ही माझी नाचणी नाय."

मी शास्त्रीय उत्तर दिलं. म्हटलं, नाचणी ती नाचणीच, काही फरक नसतो.

ती शांतपणे म्हणाली, "तुजा नवरा एसटीत हाय ना? उद्या डेपोतला दुसरा कुठला डायवर घरी आला तर चालंल का? डायवर तो डायवरच."

मी दुसऱ्या बाईला शोधायला बाजारात धावले. ती माशांच्या टोपलीजवळ सापडली, अजून डबा उघडला नव्हता. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. प्रत्येक डब्याला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधायला लागले, आणि शाळेच्या भंगारातून एक लांब बाकडं आणून भट्टीसमोर ठेवलं. ज्याचं पीठ त्याने समोर बसावं.

बाकडं आल्यावर माझा दुसरा धंदा सुरू झाला, तो म्हणजे सल्ला देणं. तो मी मागितला नव्हता आणि त्याची मजुरीही नसते. बिस्किटं होईपर्यंत बायका बसायच्या, बसल्या की पोरांबद्दल बोलायच्या, आणि मग पुढच्या खेपेला पोरांनाच पाठवायच्या. "हिला विचार. हिनं कंपनीची नोकरी सोडली," असं सांगून. माझ्या नोकरी सोडण्याला लोक पदवी समजू लागले होते.

पोरं यायची. एकाला पाचाडला, किल्ल्याच्या पायथ्याशी कॅफे काढायचं होतं. मी विचारलं, किल्ला उतरून आलेल्या माणसाला काय हवं असतं? तो म्हणाला, कॉफी. मी त्याला एका रविवारी पायथ्याशी बसून बघायला सांगितलं. तो बसला आणि येऊन म्हणाला, "मॅडम, त्यांना पाणी हवं असतं आणि बसायला जागा." तो आता तिथे पिठलं-भाकरी आणि ताक विकतो. जागा सावलीची आहे, म्हणून चालतं. दुसऱ्या एकाला कसला धंदा करायचा ते विचारलं तर म्हणाला, "ते ठरायचंय. आधी ऑफिस बघतोय." त्याला मी बिस्कीट दिलं.

माझे सल्ले साधे होते. नातेवाइकांना विकून बघू नका, ते एकदाच घेतात. जे विकायचंय ते लोक आज कुठून आणतात ते आधी बघा. आणि घरात एकाचा तरी पगार ठरलेल्या तारखेला येऊ द्या. माझ्या धंद्याचा पाया काय, असं कोणी विचारलं तर मी स्टँडकडे बोट दाखवते. शिबिरातले गृहस्थ हे सांगत नाहीत, कारण प्रत्येकीला एसटीतला नवरा देता येत नाही.

मग ती मुलगी आली. मी तिला ओळखत होते. माझ्याच कारखान्यात पॅकिंगला होती, कंत्राटावर. महाडच्या रस्त्यावरच्या बौद्धवाडीतली. कंपनीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसायची आणि सगळा रस्ता खिडकीबाहेर बघायची. मला वाटायचं तिला गाडी लागते.

तिने पीठ आणलं नव्हतं. बाकड्यावर बसली आणि सरळ म्हणाली, "काकी, मला लॉन्ड्री काढायचीय. कंपनीतल्या पोरांचे युनिफॉर्म धुवायचे. खोल्या करून राहतात ती पोरं."

"आता ती कपडे कुठे देतात?"

"कुठंच नाय. सुट्टीच्या दिवशी स्वतः धुतात."

"मग तुला कोण देणार? जे काम माणूस फुकट करतो त्याचे पैसे तो देत नाही. आणि पावसात वाळवणार कुठे? इथे जूनपासून चार महिने रुमाल वाळत नाही."

तिने भट्टीकडे बघितलं. "तुमच्या मागच्या खोलीत गरम असतं," ती म्हणाली.

मी लगेच नाही म्हटलं. औषधाच्या कारखान्यातले कपडे आणि लोकांची बिस्किटं एका भिंतीच्या आत ठेवायची नाहीत, हे सांगायला मला सल्लागार व्हायची गरज नव्हती. मग मी तिला नीट समजावलं की हा धंदा करू नकोस, कंत्राट का होईना, चालू आहे ते सोडू नकोस. जाता जाता म्हटलं, केलंसच तर कपड्यांना रंगीत दोऱ्याची खूण कर, सगळे युनिफॉर्म सारखेच असतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान फक्त दोऱ्याला हलवली.

पंधरवड्याने परत आली. "काकी, जागा बघितलीय. भातगिरणी."

मग मला कळलं की ती बसमध्ये खिडकीबाहेर काय बघायची. रस्त्याकडेच्या एका गावात भातगिरणी आहे. कापणीनंतर तिथे उभं राहायला जागा नसते, आणि पावसाळाभर तिला कुलूप असतं. उंच पत्र्याची शेड, खाली कोबा, आणि मागे भाताच्या तुसाचा ढीग. जाळायला फुकट. तिला ती गिरणी पावसाळ्यापुरती हवी होती.

"तुम्ही चला," ती म्हणाली. "बोलते मीच. तुम्ही फक्त बसा."

गिरणीवाले काका पिकली मिशी असलेले, जमीनजुमला बाळगून असलेले शेतकरी. त्यांची बायको माझ्याकडे डबा घेऊन यायची, म्हणून मला बसायला खुर्ची मिळाली. मुलगी ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. तिने सगळं सांगितलं: तारा कुठे बांधणार, शेगडी बाहेर ठेवून पत्र्याच्या नळीने धग आत कशी घेणार, दसऱ्याआधी शेड झाडून, धुऊन कशी परत देणार.

काकांनी ऐकलं. मग अंगणाकडे बघत विचारलं, "कुणाकुणाचे कपडे यायचे?"

प्रश्न कपड्यांचा होता. आम्हा तिघांनाही माहीत होतं की तो फक्त कपड्यांचा नव्हता. मी काही बोलावं की नाही याचा विचार करत होते आणि माझ्या हातात चहाचा कप होता. तो तिच्या हातात नव्हता, हे मला तेव्हाच दिसलं.

"कामगारांचे," मुलगी म्हणाली. "धुणार मी."

मग आतून त्यांची बायको दाराशी आली. "चार म्हयने गिरणीत उंदीर ऱ्हातात," ती नवऱ्याला म्हणाली. "ते कुणाकुणाचे हायत ते इचारलं होतं का तुमी?" आणि तिने मुलीच्या हातात चहा दिला.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दसऱ्याआधी मोकळी पायजे."

परतीच्या रस्त्यावर मुलीला मी म्हटलं, चांगलं झालं. ती म्हणाली, "चहात साखर जास्त होती." मग स्टँडवर उतरताना तिने माझा हात एकदा घट्ट धरला आणि सोडला.

तिने कंत्राट सोडलं. तारा बांधल्या. चहाच्या टपऱ्यांवर कागद चिकटवले, ते पावसाने काढले. जून सरत आला तेव्हा मी बघायला गेले. बाहेर शेगडी पेटलेली, आत छान ऊब, एवढ्या मोठ्या शेडमध्ये तीन शर्ट लटकत होते आणि ती पोत्यावर बसली होती.

"तीनच?" मी म्हटलं.

"त्यातले दोन माझ्या भावाचे हायत."

माझा सल्ला बरोबर ठरत होता. त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा मला झाला नाही. मी तिला बिस्किटं दिली आणि पोरं कपडे का देत नाहीत ते विचारलं. ती म्हणाली, लाजतात. ओळखीची मुलगी आपले कपडे धुणार, हे त्यांना बरं वाटत नाही.

काही दिवसांनी तिचा फोन आला. मागे पावसाचा आवाज, त्यामुळे ती ओरडत होती.

"काकी, एक पोरगा आलाय. बादली घेऊन. म्हणतो कपडे मी धुतलेत, तू फक्त वाळवून दे. आठवडा झाला, ओलाच युनिफॉर्म घालतोय म्हणतो. काय करू? मी वाळवायचं दुकान नाय काढलेलं."

माझ्यासमोर बाकड्यावर दोन बायका बसल्या होत्या आणि भट्टीत त्यांचं पीठ होतं.

"घे," मी म्हटलं.

"पण धुवायचं नाय म्हणतो. मग लॉन्ड्री कसली?"

"बादली आत घे आणि फोन ठेव."

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतले बाकीचे आले. जुलैत गिरणीत चालायला जागा उरली नाही. पाळी सुटली की मोटारसायकली थांबायच्या, पोरं पिळलेले कपडे देऊन जायची आणि दुसऱ्या पाळीला कोरडे घेऊन जायची. धुण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाळत नव्हतं, ही त्यांची अडचण होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण पावसात कपडे वाळत नाहीत ही तक्रार कोणाकडे करायची? प्रत्येक कॉलरच्या आत रंगीत दोरा होता. अदलाबदल झाली नाही. माझ्या नवऱ्याने एक दिवस घरी येऊन सांगितलं, "सकाळच्या गाडीत आधी कुबट वास यायचा. आता धुराचा येतो. सुधारणा आहे."

गिरणीवाले काका सुरुवातीला लांबून बघायचे. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःची धोतरं पाठवली. दोरा लावू नको, असा निरोप होता. धोतर कोणाचं ते सगळ्यांना माहीत आहे.

दसऱ्याआधी तिने शेड धुऊन दिली आणि परत पॅकिंगला रुजू झाली. मला ते पटलं नाही. म्हटलं, धंदा चालला म्हणताना परत कंत्राटावर? ती म्हणाली, "ऊन पडलंय काकी. उन्हाशी कोण भांडणार?" जूनमध्ये तिने पुन्हा कंत्राट सोडलं आणि गिरणी घेतली. तेव्हापासून असंच चाललंय. ती उद्योजक आहे की कामगार, हे मला ठरवता आलेलं नाही. तिने ठरवायचा प्रयत्न केलेला नाही.

मागे महाडच्या एका कॉलेजने आम्हा दोघींना मुलांशी बोलायला बोलावलं. मी बरंच बोलले. तिने थोडक्यात आटपलं. प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतल्या एका मुलाने तिला विचारलं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता.

"कुठल्या महिन्यात?" तिने विचारलं.

मुलं हसली. ती हसली नाही. तिला खरंच माहिती हवी होती.

या वर्षी मे महिन्यात ती बाकड्यावर येऊन बसली. कपडे वाळवायचं मोठं यंत्र मिळतं, सेकंडहँड, पनवेलला एकाकडे आहे. घेऊ का, म्हणून विचारलं. मी भट्टीची आच कमी करून तिच्याशेजारी बसले आणि सविस्तर सांगितलं की घेऊ नकोस. पावसात वीज जाते. यंत्र बिघडलं तर माणूस पनवेलहून यायचा. तूस फुकट आहे आणि ते बिघडत नाही. माझं बोलणं चांगलं झालं, बाकड्यावरच्या बायकांनीही माना हलवल्या.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काल टेम्पोत घालून आणलं. गिरणीत उतरवलंय."

"अगं मग मला विचारायला कशाला आलीस?"

"नाय विचारलं तर तुम्हाला वाईट वाटतं," ती म्हणाली, आणि भट्टीतलं काय होत आलंय ते वाकून बघू लागली.